संशयाची आणेवारी

(शेळगाव, ता. इंदापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या घरी एक सल्ला हमखास दिला जातो. डॉक्टर देतात, शेजारी देतात, पाहुणे देतात. 'तो काय बडबडतो तिकडं लक्ष देऊ नका. त्या विषयावर त्याच्याशी बोलूच नका. बोललात तर डोक्यात आणखी पक्कं बसेल.' आज मी या सल्ल्याच्या विरोधात बोलणार आहे. औषध हवंच, त्यावर माझा वाद नाही. पण ज्या माणसाला भिंतीतून शिव्या ऐकू येतात, ज्याला वाटतं की घरच्या भाकरीत विष कालवलंय, त्याला त्या भीतीबद्दल कुणी एक प्रश्नही विचारू नये, हे मला मान्य नाही. त्या भीतीबद्दल बोलता येतं. ते कसं बोलायचं याचं शास्त्र गेल्या सत्तर वर्षांत तयार झालं आहे. त्याला बोधात्मक वर्तन उपचार म्हणतात. दवाखान्यात सगळे सीबीटीच म्हणतात, मीही तेच म्हणते.

आजाराची ओळख थोडक्यात करून देते. साधारणपणे विशीच्या आसपास तो सुरू होतो, मुलांमध्ये जरा लवकर, मुलींमध्ये जरा उशिरा. कुणी बोलत नसताना बोलणं ऐकू येतं. कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी खात्री वाटते. विचारांची सांधेजोड सुटते. आणि घरच्यांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे माणूस विझल्यासारखा होतो. अंघोळ नको, काम नको, कुणाशी बोलणं नको. लोक त्याला आळस म्हणतात. तो आजाराचाच भाग आहे. शंभर-दीडशे माणसांमागं आयुष्यात कधीतरी एखाद्याला हा आजार होतो. म्हणजे आपल्या पंचक्रोशीत अशी घरं आहेत, आणि ती कोणती हे या मांडवातल्या पुष्कळांना ठाऊक आहे.

न बोलण्याचा सल्ला लोकांच्या मनातून उगवलेला नाही, तो मानसोपचारशास्त्रानंच त्यांच्या हाती दिला. कार्ल यास्पर्स हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ पुढं तत्त्वज्ञ म्हणून गाजले. १९१३ साली निघालेला त्यांचा ग्रंथ अनेक दशकं प्रमाण मानला गेला. दुसऱ्याचं दुःख आपल्याला समजतं, हेवा समजतो, राग समजतो. पण खऱ्या भ्रमाच्या आत शिरायला वाटच नाही, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यात त्याचा अर्थ असा लावला गेला की 'भ्रम आहे' एवढी नोंद करायची आणि त्या भ्रमात काय आहे हे विचारायचं नाही. विद्वानाच्या एका वाक्यानं हजारो माणसांचं बोलणं बंद झालं.

मग १९५२ साल उजाडलं. त्या वर्षी पॅरिसमध्ये दले आणि डेनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन रुग्णांना देऊन पाहिलं, आणि या आजारावर पहिल्यांदाच उपयोगी औषध हाती आलं. त्याच वर्षी अमेरिकेत एरन बेक या तिशीतल्या डॉक्टरांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात एका माजी सैनिकाची हकिगत होती. आपल्या जुन्या पलटणीतली माणसं आपल्यावर पाळत ठेवून आहेत, अशी त्याची कित्येक वर्षांची खात्री. बेक यांनी ती खोडून काढली नाही आणि मान्यही केली नाही. ती माणसं दिसतात कशी, वागतात कशी, तू त्यांना ओळखतोस कशावरून, हे ते बारकाईनं विचारत राहिले. हळूहळू तो सैनिक स्वतःच निरखून पाहू लागला, आणि पाळतीवरच्या माणसांची संख्या घटत गेली. औषधाची बातमी जगभर पोचली. हा लेख मात्र बाजूला पडला. स्वतः बेकही नैराश्याकडं वळले आणि त्या उपचारासाठी जगभर नावाजले गेले. भ्रमाशी बोलण्याचं काम पुढं नेलं ते १९८०-९०च्या दशकांत इंग्लंडमधल्या मंडळींनी: डेव्हिड किंग्डन, डग्लस टर्किंग्टन, मँचेस्टरचे निक टॅरियर, लंडनच्या फिलिपा गॅरेटी, बर्मिंगहॅमचे मॅक्स बर्चवुड.

आता हे बोलणं चालतं कसं? एका तरुणाची हकिगत सांगते. हा कुणी एक माणूस नाही. ऊसपट्ट्यातल्या अनेक घरांत ऐकलेल्या गोष्टींचे धागे एकत्र विणले आहेत. वय तेवीस. बारावीनंतर शेती. भावकीशी बांधावरून वाद, तोही खरा, तलाठ्यापर्यंत गेलेला. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला एकटा मोटारीवर जायचा. महिना-दीड महिना धड झोप नाही. एके रात्री मोटारीच्या घरघरीत त्याला चुलतभावांचे आवाज ऐकू आले: 'याला संपवायचा.' मग ते घरातही ऐकू यायला लागले. 'घरातलं खाल्लंस तर मरशील,' असं आवाजानं बजावलं, म्हणून तो दुकानातून आणलेल्या बिस्किटांच्या पुड्यांवर राहू लागला. आईनं अंगारा लावला, वडिलांनी आधी समजावलं, मग मारलं, मग खोलीला कडी लावली.

अशा मुलाशी बोलायला बसलं की पहिले काही दिवस आवाजाचा विषय काढायची घाई नसते. झोप, भूक, ऊस, क्रिकेट, काहीही. विश्वास बसला की विचारायचं: पहिल्यांदा कधी ऐकलंस? त्या आठवड्यात काय चाललं होतं? कोणत्या वेळी जास्त येतो, कोणत्या वेळी गप्प असतो? या प्रश्नांतून त्या मुलाला एक गोष्ट हळूहळू दिसायला लागते. जागरण, बांधाची भांडणं, एकटेपणा आणि आवाज यांची एक साखळी आहे. जे अचानक आभाळातून कोसळलं असं वाटत होतं, त्याला मागचा-पुढचा संदर्भ मिळतो.

दुसरी पायरी त्याची लाज कमी करण्याची. कुणी नसताना आवाज ऐकू येणं ही फक्त वेड्यांची गोष्ट, असं त्याला वाटत असतं. ते खरं नाही. १९७१ साली ड्यूई रीस या वेल्समधल्या डॉक्टरनं २९३ विधवा आणि विधुरांशी बोलून लिहिलं की जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवत होतं. काहींना तो दिसला होता, काहींनी त्याचा आवाज ऐकला होता. ती सगळी शहाणीसुरती माणसं होती. आपल्याकडं तर हे सांगायलाही नको. अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडं तुकोबांची पालखी दरवर्षी या भागातून जाते. चालता चालता विठ्ठलाची हाक ऐकू आली असं सांगणारी आजी आजारी नसते. त्या हाकेनं तिला बळ येतं, घरी परत आली की ती भाकरी थापते, नातवंडं सांभाळते. आवाज ऐकू येणं एवढ्यावर आजार ठरत नाही. त्या आवाजाचं जोखड किती, त्यानं जगणं किती बंद पाडलं, हे बघायचं असतं.

तिसरी पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. तुम्ही शेतकरी मंडळी आहात. पीक किती आलं हे ठरवताना 'आलं' किंवा 'गेलं' एवढंच कुणी म्हणत नाही, आणेवारी लावतात. संशयाचीही तशी आणेवारी लावता येते. 'भावकी मला विष घालणार' यावर तुझा सोळा आण्यांतले किती आणे विश्वास? पहिल्या दिवशी तो सोळाच म्हणतो. पुढच्या आठवड्यात कधीतरी चौदा म्हणतो. त्यावर 'बघ, म्हणजे खोटंच आहे' असं म्हणायचं नाही. 'हे दोन आणे कशानं कमी झाले?' असं विचारायचं. तो सांगतो, 'परवा चुलत्यानं ट्रॅक्टर दिला. मारायचंच असतं तर दिला असता का?' हे वाक्य त्याच्या बापानं शंभर वेळा सुनावलं असतं तर उपयोग झाला नसता. आता ते त्याच्या तोंडून आलं.

मग पडताळा. आवाज म्हणतो जेवलास तर मरशील. ठीक. धाकटा भाचा ज्या पातेल्यातली आमटी खातो, त्यातलीच दोन घास खाऊन बघायची. काय होईल असं वाटतं ते आधी वहीत लिहायचं, संध्याकाळी काय झालं ते त्याच्याखाली लिहायचं. उद्या चार घास. बर्चवुड आणि पॉल चॅडविक यांनी १९९४ साली एक गोष्ट दाखवून दिली: आवाज काय बोलतो यापेक्षा तो किती शक्तिमान आहे असं माणसाला वाटतं, यावर त्याचं हाल होणं अवलंबून असतं. दोन घास खाऊनही आपण जिवंत आहोत हे कळलं की आवाजाचा वचक सैल होतो. आवाज तेव्हाही चालू असतो, पण त्याचा हुकूम आता मोडता येतो. आवाज वाढला की मोठ्यानं वाचणं, अभंग गुणगुणणं, कुणाशी तरी गप्पा मारणं, यानंही अनेकांना उतार पडतो. ज्याचं त्यानं आपलं साधन शोधायचं असतं.

झोपेबद्दल जरा थांबून बोलते, कारण आपल्या भागात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ऑक्सफर्डचे डॅनियल फ्रीमन यांनी २०१७ साली एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. ३,७५५ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना निद्रानाशावर सीबीटी दिली. झोप सुधारली, आणि झोपेपाठोपाठ संशयीपणा आणि भासही कमी झाले. जागरण हा आजाराचा नुसता परिणाम नसून आजाराला पोसणाऱ्या कारणांपैकी एक आहे, हे त्यातून दिसलं. आता शेतीची वीज रात्री येते तेव्हा पोटच्या पोराला आळीपाळीनं मोटारीवर पाठवणारी घरं डोळ्यांसमोर आणा. ज्या मुलाला एकदा हा आजार होऊन गेला आहे, त्याला रात्रपाळीचं पाणी देऊ नका. दिवसा वीज ही मागणी पिकासाठी केली जाते. या मुलांसाठीही ती तितकीच रास्त आहे.

या उपचाराच्या मर्यादाही सांगते. सीबीटी ही जादू नाही. २०१४ साली जौहर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा परिणाम दिसला पण लहान दिसला; तपासणाऱ्याला कुणाला कोणता उपचार मिळाला हे माहीत नसेल तेव्हा तर आणखी लहान. यावरून तज्ज्ञांमध्ये जोरदार वाद आहेत. इंग्लंडच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं मात्र या आजाराच्या प्रत्येक रुग्णाला औषधाबरोबर किमान सोळा बैठकांची सीबीटी द्यावी, आणि घरच्यांबरोबरही बैठका घ्याव्यात, असं सांगतात. मला स्वतःला २००० सालचा टॉम सेन्स्की आणि सहकाऱ्यांचा प्रयोग फार बोलका वाटतो. औषधानं पुरेसा गुण न आलेले ९० रुग्ण. निम्म्यांना सीबीटी, निम्म्यांजवळ कुणीतरी तेवढाच वेळ बसायचं, आपुलकीनं इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, बाकी काही नाही. नऊ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारलेले. पुढं उपचार थांबल्यावर नऊ महिन्यांनी पाहिलं, तर गप्पांच्या गटातली सुधारणा ओसरलेली आणि सीबीटीच्या गटातली वाढलेली.

यात दोन गोष्टी आहेत आणि मला दोन्ही हव्या आहेत. नुसतं आपुलकीनं नियमित बसणंही माणसाला वर काढतं. ते करायला कुणाच्या पदवीची गरज नाही, ते शेळगाव उद्यापासून करू शकतं. आणि शिकलेलं तंत्र माणसाजवळ राहतं, शिकवणारा निघून गेला तरी.

'पण सोळा बैठका घ्यायला मानसशास्त्रज्ञ आणायचा कुठून?' हा प्रश्न रास्त आहे. सरकारी मनोरुग्णालयं महाराष्ट्रात चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या सर्वेक्षणात गंभीर मानसिक आजाराच्या दर चार रुग्णांपैकी साधारण तिघांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला आधार दिसत नाही. याचं एक उत्तर आपल्या शेजारच्या साताऱ्यात शोधलं गेलं. सातारा, गोवा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी २८२ रुग्णांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मुख्य संशोधक डॉ. सुदिप्तो चटर्जी; साताऱ्याची बाजू परिवर्तन संस्थेच्या डॉ. हमीद दाभोलकरांनी सांभाळली. काही रुग्णांना दवाखान्यातले नेहमीचे उपचार, आणि काहींच्या घरी त्याशिवाय प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते जायचे. आजार समजावून सांगायचे, गोळ्यांच्या अडचणी सोडवायचे, रोजच्या कामाची घडी बसवायला मदत करायचे, सरकारी योजनांचे कागद करून द्यायचे. वर्षाअखेरीस घरभेटी मिळालेल्यांचा आजार आणि त्यामुळं आलेलं अपंगत्व थोडं अधिक कमी झालं. फरक मोठा नव्हता, आणि तो जास्त करून तामिळनाडूच्या ग्रामीण भागात दिसला. ही नेमकी सीबीटी नव्हती. पण बारावी शिकलेला गावातला मुलगा किंवा मुलगी, नीट शिकवलं आणि डॉक्टरांची देखरेख असली, तर हे काम करू शकते, हे त्यातून कळलं. पाकिस्तानात फारूख नईम यांनी तर सीबीटीच सहा बैठका आणि घरच्यांसाठी एक बैठक एवढी आटोपशीर केली, स्थानिक समजुतींशी जुळवून घेतली, आणि ११६ रुग्णांवरच्या प्रयोगात तिचा गुण दिसला.

घरच्यांबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याकडं या आजाराला घराबाहेर आवाज मिळाला तो एका नवऱ्यामुळं. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी. पत्नीचा आजार त्यांनी लपवला नाही. पुण्यात त्यांनी 'सा', म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, उभी केली, आणि 'देवराई' हा चित्रपट निघावा म्हणून पुढाकार घेतला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा तो २००४चा चित्रपट तुम्ही गावात एकदा दाखवा. अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष आणि त्याची बहीण सीना यांच्यात जे घडतं ते बघून पुष्कळ बहिणी रडतील, आणि घरी जाऊन भावाशी वेगळ्या सुरात बोलतील.

सूर ही बारीक गोष्ट नाही. रुग्णाला सतत टोचून बोललं, त्याचा राग राग केला तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे लंडनच्या अभ्यासांतून आधी दिसलं. डॉ. एन. एन. विग आणि सहकाऱ्यांनी तेच चंदीगडमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत पाहिलं. तिथली कुटुंबं लंडनच्या मानानं पुष्कळ कमी टोचणारी निघाली, खेड्यातली तर आणखी कमी. ही आपली कमाई आहे, ती गमावू नका.

प्रत्यक्ष काय बोलायचं ते सांगते. रात्री दोन वाजता मुलगा उठवतो, 'आई, बांधावर माणसं उभी आहेत.' 'कुणी नाही रे, झोप गप,' म्हटलंत तर त्याला वाटतं, आईलाही दिसत नाही किंवा आईही त्यांना सामील आहे. 'हो रे बाबा, आहेत,' म्हटलंत तर भीती दुप्पट होते. म्हणायचं, 'मला दिसत नाहीत बाळा, पण तू फार भ्यालास हे दिसतंय. ये, बस माझ्याजवळ. पाणी घे. मी जागी आहे.' सकाळी उजाडल्यावर, डोकं शांत असताना विचारायचं, 'रात्री किती आणे वाटत होतं? आता किती?' वाद घालून भ्रम जात नाही, आणि हो ला हो करूनही जात नाही.

देवऋषाकडं गेलात म्हणून मी तुम्हाला दोष देणार नाही. आई घाबरते तेव्हा ती सगळी दारं ठोठावते. देवाला जा, पण गोळ्या बंद करून जाऊ नका. आणि जिथं मारहाण, उपाशी ठेवणं, धूर देणं, साखळीनं बांधणं चालतं तिथून उठून या. मारहाणीच्या त्या अघोरी उपायांना २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं बंदी आहे, आणि मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून गेले. त्यांना पळताही आलं नाही.

आणि लग्न. 'लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल.' सुधारत नाही. आजार लपवून केलेल्या लग्नात दोन जिवांची फरफट होते, आणि आजारी मुलगी असेल तर तिला माहेरी आणून सोडलं जातं. आधी उपचार, मग स्थिरता, मग दोन्ही घरांना सगळं खरं सांगून लग्नाचा विचार.

गावासाठी माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मी सरपंचांसमोर मांडते. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर मानसिक आजार हा विषय घ्या. आशाताईंना आणि गावातल्या तीन-चार समजूतदार तरुण-तरुणींना प्रशिक्षण मिळावं असा ठराव करून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडं पाठवा. बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय. औषधासाठी आता पुण्यापर्यंत जाण्याची गरज नाही. एसटीनं दोघांनी जायचं तरी एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ज्या घरांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा एकत्र गाडी काढा. दिव्यांग प्रमाणपत्र या आजारालाही मिळतं, ते काढून द्या. आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि सोसायटीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. तो फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. कुणी मरणाची भाषा काढली तर सकाळची वाट न पाहता तो लावायचा, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. या आजारात साधारण विसांत एक जण आत्महत्येनं जातो.

आता प्रश्न विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांच्यासाठी कार्यक्रम संपल्यावर मी शाळेच्या खोलीत थांबते आहे. शेवटची गाडी चुकली तरी चालेल.